शिलाई खरी की छापलेली?

‘भाई, सेम टू सेम आहे. कंपनीवाल्यालापण कळायचं नाही.’ फर्स्ट कॉपी बूट विकणारा हे वाक्य म्हणतोच. दुकानात म्हणतो, इन्स्टावरच्या मेसेजमध्ये म्हणतो, कॉलेजच्या गेटवर बॅगेतून बॉक्स काढणारा सीनियरही म्हणतो. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते ऐकलं असेल आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या पायात आत्ता तो जोड असेल. मी नैतिकतेचा तास घ्यायला बसलेले नाही. स्टायपेंडवर जगणाऱ्या इंटर्ननं दुसऱ्याच्या पाकिटावर भाषण देऊ नये. माझा प्रश्न साधा आहे. ‘सेम टू सेम’ म्हणजे नेमकं काय सेम?

सध्या कॉपीच्या बाजारात सगळ्यात जास्त चलती आहे ती स्केट शूजची. व्हॅन्सचा ओल्ड स्कूल, नायकीचा एसबी डंक. बाजूला पांढरी लाट असलेला काळा बूट तुम्हाला सात रस्त्यापासून विद्यापीठाच्या कॅम्पसपर्यंत कुठेही दिसेल. गंमत अशी की स्केटबोर्ड मात्र दिसणार नाही. सोलापुरात बोर्ड घेऊन फिरणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजावीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, हा खेळ पहिल्यांदा आला. त्याच वर्षी राजस्थानातल्या मुलीची गोष्ट सांगणारा ‘स्केटर गर्ल’ नेटफ्लिक्सवर आला. पुढच्याच वर्षी गुजरातेतल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं स्केटबोर्डिंगमध्ये महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिलं. खेळ वाढतोय, पण आपल्याकडे त्याच्या आधी त्याचा बूट पोचला. तोही कॉपी होऊन.

बूट कॉपी आहे हे ओळखायचे व्हिडिओ ढिगानं आहेत. सगळे लोगोवर झूम करतात. अक्षरांमधलं अंतर बघा, जिभेवरचं लेबल बघा, बॉक्सवरचा स्टिकर बघा. माझ्या मते हा वेळेचा अपव्यय आहे. कॉपी करणारा सगळ्यात आधी लोगोच नीट करतो, कारण गिऱ्हाईक तोच बघतं. खरी काटकसर होते ती न दिसणाऱ्या जागी. म्हणून दोन जुने, टाकायला काढलेले जोड घेतले. एक मैत्रिणीच्या भावाचा अस्सल, तीन वर्षं वापरलेला. दुसरा वर्गमित्राचा फर्स्ट कॉपी, सात महिन्यांचा. ते घेऊन आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चांभारकाकांकडे गेले आणि म्हटलं, ‘काका, हे दोन्ही मधून कापून द्या.’ काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बुटांकडे. ‘पोरी, डोकं ठिकाणावर हाय नव्हं?’ पण रापी उचलली.

आत काय निघालं ते सांगण्याआधी स्केट शू बनतो कसा हे थोडं समजून घ्या, नाहीतर फरक कळणार नाही.

त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली व्हल्कनाइज्ड. रबरात गंधक मिसळून तापवलं की ते टिकाऊ होतं, हे चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये शोधलं. त्याआधीचं कच्चं रबर थंडीत कडक व्हायचं आणि उन्हात चिकट. सोलापूरच्या मे महिन्यात त्याची काय अवस्था झाली असती, विचार करा. व्हल्कनाइज्ड बुटात वरचा भाग साच्यावर ताणून बसवतात, खाली तळ लावतात आणि दोघांचा सांधा झाकणारी रबराची पट्टी कडेनं गुंडाळतात. तोपर्यंत रबर पुरतं पक्कं झालेलं नसतं. मग सगळा बूट भट्टीत जातो आणि तिथे पट्टी, तळ आणि कापड एकजीव होतात. भाकरी तव्यावर फुगते तसा हा बूट भट्टीत ‘होतो’, नुसता चिकटवला जात नाही. व्हॅन्स ही कंपनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये सुरू झाली ती अशा बुटांवर. जाळीच्या नक्षीचा तिचा तळ बोर्डवर घट्ट बसायचा, म्हणून स्केट करणाऱ्या पोरांनी तो उचलला. १९७७ मध्ये तिनं ओल्ड स्कूल काढला. त्यात कापड लवकर फाटतं म्हणून टाचेला आणि चवड्याला चामड्याचे तुकडे जोडले. ती लाट नंतर फॅशन झाली, पण चामडं तिथे आलं ते गरजेपोटी.

दुसरी पद्धत कपसोलची. इथे तळ वाटीसारखा असतो, कडा वर आलेल्या. वरचा भाग त्या वाटीत बसवून चिकटवतात आणि मग कडेनं, रबरातून आरपार, सगळीकडून शिवतात. डंक या जातीचा. डिंक सुटला तरी दोरा धरून ठेवतो.

आता कापलेल्या बुटांकडे येऊ.

कॉपीचा तळ कापायलाही लागला नाही. काकांनी कडेला बोट घातलं आणि संत्र्याची साल निघावी तसा तो पुढून निम्मा सुटून आला. वरचा भाग आणि तळ वेगवेगळे तयार करून नंतर फक्त चिकटवले होते. भट्टी नाहीच. कडेची रबरी पट्टी म्हणून जी दिसत होती ती पट्टी नव्हतीच, तयार तळावरच उठवलेली रेघ होती. अस्सल जोडाचा तळ टाचेकडे झिजून पातळ झाला होता, पण सांधा सुटला नव्हता. तिथे काकांना रापी दोनदा घासून घ्यावी लागली.

चिकटवणं वाईट असं नाही बरं का. आज जगातले बहुतेक खेळाचे बूट चिकटवलेलेच असतात. पण त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग घासून खरखरीत करावे लागतात, प्रायमर लावावा लागतो, डिंक योग्य तापमानाला वाळू द्यावा लागतो, मग दाबावं लागतं. यातली प्रत्येक पायरी म्हणजे वेळ आणि वेळ म्हणजे पैसे. स्वस्त डिंक उष्णतेनं मऊ पडतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि आपण बूट घालून त्यावर सिग्नलला पाय टेकवून उभे राहतो. पुण्या-मुंबईतल्या कुणाचा कॉपी जोड वर्षभर टिकला म्हणून आपला टिकेल असं समजू नका.

वरच्या कातड्याची गोष्ट त्याहून मजेशीर. अस्सल बुटाच्या चवड्यावर सुएड होतं, म्हणजे चामड्याचा आतला, लव असलेला थर. तीन वर्षांत ते काळपट, टक्कल पडल्यासारखं झालं होतं, पण भोक नव्हतं. कॉपीचं ‘सुएड’ म्हणजे विणलेल्या कापडावर बसवलेला प्लॅस्टिकचा पातळ थर आणि त्यावर लव. लव गेली, थर सोलला, खालचं पांढरं कापड दिसू लागलं. स्केटबोर्डवर उडी मारताना पुढच्या पायाची बाहेरची कड बोर्डच्या खरखरीत कागदावरून घासत वर न्यावी लागते. तो कागद म्हणजे जवळपास पॉलिश पेपरच. चवड्याला दुहेरी-तिहेरी शिलाई आणि आतून रबराचा थर देतात तो यासाठी.

‘पण आपण कुठे उड्या मारतो?’ बरोबर. आपण गिअर टाकतो. ज्यांच्या गाडीचा गिअर चवड्यानं वर उचलावा लागतो त्यांनी डावा बूट बघा. अंगठ्याच्या वर काळा डाग, मग ओरखडा, मग भोक. बोर्डचा कागद उजव्या-डाव्या कुणालाही सोडत नाही, गिअर फक्त डाव्याला धरतो, एवढाच फरक. वर्गमित्राच्या कॉपीत डावा फाटला होता आणि उजवा नवा कोरा. म्हणजे सोलापूरच्या ट्रॅफिकमध्ये आपण रोज नकळत स्केट शूची चाचणी घेतोय.

आतला भाग मी पटकन सांगते, कारण तो बघून काकाही कंटाळले. पायाखालचा गादीचा तुकडा काढला तर अस्सलमध्ये खाली शिवलेलं घट्ट कापड, कॉपीत पुठ्ठ्यासारखा बोर्ड, घामानं लाटा आलेला. टाचेची वाटी कॉपीत अंगठ्यानं दाबली की चेपते, अस्सलमध्ये तीन वर्षांनंतरही ताठ. तळाचं रबर कॉपीत रबर नव्हतंच, कडक पीव्हीसीसारखं काहीतरी, ओल्या फरशीवर घसरणारं. इथे मात्र थांबायला हवं. बाकी गोष्टी पैशाच्या आहेत, ही हाडाची आहे. टाच धरून न ठेवणारा आणि तळ घसरणारा बूट घालून खरोखर बोर्डवर चढणार असाल तर पहिल्याच आठवड्यात घोटा मुरगळू शकतो.

सगळ्या कॉपी इतक्या वाईट असतात का? नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. विक्रेते ‘सेव्हन ए’, ‘टेन ए’, ‘मास्टर’, ‘यूए’, ‘ओजी’ अशा श्रेणी सांगतात. चार-पाच हजारांच्या कॉपीत खरं सुएड आणि खरी कडेची शिलाई सापडू शकते. चीनमधलं पुतियान शहर यासाठीच ओळखलं जातं. तिथे आधी मोठ्या ब्रँड्ससाठी कंत्राटावर बूट बनायचे, मग तेच कौशल्य कॉपीकडेही वळलं. त्यामुळे ‘सेम कारागीर’ या दाव्यात कधीकधी तथ्यही असेल. पण ‘टेन ए’ कोण ठरवतं? कुणीच नाही. विकणारा बोलतो ती श्रेणी. त्याच्या सात आणि दुसऱ्याच्या दहामध्ये फरक असेलच असं नाही. आणि चार-पाच हजार हातात असतील तर सेलमध्ये अस्सल ओल्ड स्कूल त्याच्या आसपास येतो. मग कॉपी कशासाठी? डंक पाहिजे म्हणून, हे उत्तर मला समजतं. तो दहा हजारांच्या घरात जातो.

या सगळ्यात सरकार कुठे आहे, असं विचाराल तर आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून देशात विकायच्या बहुतेक पादत्राणांना भारतीय मानक ब्युरोचे निकष लागू झालेत. लहान उत्पादकांना त्यात सवलती आहेत. बाकीच्यांच्या बुटावर आयएसआयचं चिन्ह आणि त्याखाली परवाना क्रमांक पाहिजे. परदेशातल्या कारखान्यालाही हाच परवाना घ्यावा लागतो. हेतू चांगला होता, निकृष्ट आयात थांबावी. पण परवाने मिळायला वेळ लागला आणि मोठ्या ब्रँड्सची कित्येक मॉडेल्स भारतात यायची थांबली किंवा उशिरा आली. हवा असलेला बूट शोरूममध्ये नाही, इन्स्टावर मात्र सगळ्या साइजमध्ये तयार. नियम पाळणारा अडकला आणि ज्यानं कधी कुठला नियम पाळलाच नाही त्याला मोकळं मैदान मिळालं, असं मला वाटतं. कॉपीवर आयएसआय तपासायला कोण जातंय?

कायदा कमी कडक नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ नुसार खोटं चिन्ह लावणाऱ्याला आणि तो माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. स्वतःला वापरायला घेणारा या कलमांत येत नाही. पण त्याला संरक्षणही मिळत नाही. बिल नसतं, वॉरंटी नसते, दोन आठवड्यांत तळ सुटला तर ‘भाई, वापरायची पद्धत चुकली’ असं ऐकावं लागतं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तक्रारीसोबत बिल कुठलं देणार?

आता जरा आपल्या घरात डोकावू या, कारण सोलापूरकरानं कॉपीबद्दल तटस्थ राहणं मला थोडं विचित्र वाटतं. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही बाहेरगावी विणलेली, मिश्र सुताची, हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून देशभर विकली जाते. त्याबद्दल इथले यंत्रमागवाले वर्षानुवर्षं ओरडतायत आणि आपण माना डोलावतो. कुठल्याही लग्नात आहेरात आलेली चादर आपली आजी दोन बोटांत धरते, वजन बघते, उलटी करून नक्षी बघते आणि सांगते, ‘ही आपली न्हाई.’ तीच परीक्षा बुटाला का लावू नये?

आणि फक्त चादर नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर. हो, आपणही. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टोऱ्या टाकल्या. टीका झाल्यावर कंपनीनं मूळ मान्य केलं. डिसेंबरमध्ये तिनं महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड बनवून घ्यायचा. एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो ठरली. चांगलं झालं. पण जत्रेत दोनशे रुपयांना मिळणारी रेक्झिनची ‘कोल्हापुरी’, आत पुठ्ठा भरलेली आणि चिकटवलेली, तिच्यावर कुणी स्टोरी टाकत नाही. खऱ्या कोल्हापुरीत झाडाच्या साली आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं असतं आणि तळ चामड्याच्याच वादीनं शिवतात. ती झिजते, भिजली तर रुसते, पण उसवली तर पुन्हा शिवता येते. कारागिराच्या पोटावर प्राडापेक्षा ही जत्रेतली चप्पल जास्त पाय देते, असं माझं मत आहे.

शिवण्यावरून आठवलं. तुमच्या घरी नवीन बूट आणला की वडील म्हणतात का, ‘आधी शिवून आण’? आमच्याकडे म्हणतात. मला ते लहानपणी फार लाजिरवाणं वाटायचं, नव्या पांढऱ्या बुटाला बाहेरून जाड दोऱ्याचे टाके. पण कपसोलच्या कडेला कारखान्यात जी शिलाई होते, तीच ही. जी पायरी कारखान्यानं पैसे वाचवायला गाळली ती आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन चांभारकाका रस्त्यावर बसून पूर्ण करतात. काकांच्या सांगण्यानुसार त्यांच्याकडे येणाऱ्या नव्या कोऱ्या जोडांत सगळ्यात जास्त संख्या असल्या ‘कंपनीच्या’ बुटांचीच. काही कॉपी बुटांवर तर कडेला टाक्यांची रेघ असते, पण ती तळाबरोबर साच्यातूनच आलेली. दोरा नाहीच, दोऱ्याचं चित्र.

म्हणून दुकानात उभे असाल तर लोगो सोडा. पायाखालची गादी उचला. कपसोलचा बूट असेल तर आत कडेनं गोल फिरणारा खरा दोरा दिसला पाहिजे. बाहेर टाके आणि आत काहीच नाही, म्हणजे ते चित्र. टाच अंगठ्यानं दाबा. बूट चवड्यातून वाकवा आणि वाकलेल्या जागी तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये नख जातंय का बघा. सुएडवरून बोट उलटं फिरवा, रंगाची छटा बदलली पाहिजे. चांगल्या कृत्रिम कापडातही बदलते, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. आयएसआयच्या चिन्हाखाली सीएम/एल नं सुरू होणारा क्रमांक असेल तर तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाका. परवाना कुणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. बुटावर एक नाव आणि परवाना भलत्याचाच असेल तर काय समजायचं ते समजा.

आणि पंधराशेच खिशात आहेत तर? तर मी कॉपी घेणार नाही. बाटा, कॅम्पस, स्पार्क्स यांच्यासारख्या कंपन्यांचे त्या किमतीत बूट मिळतात. नाव त्यांचं स्वतःचं असतं, त्यावर बिल मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या बुटांवरचा जीएसटीही पाच टक्क्यांवर आलाय. त्यावर लाट नसते, हे मान्य. वर्गमित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘काय बे, फोटोत लाटच दिसते की.’ त्याच्याकडे याला उत्तर होतं, माझ्याकडे नव्हतं.

त्यानं परवा दुसरा जोड मागवला, पुन्हा कॉपीच, पण या वेळी आधी काकांकडे घेऊन गेला. काकांनी आरी टोचून बघितली आणि शिवायला नकार दिला. तळ इतका कडक की टोचल्या जागी तडा जात होता. ‘ह्याला दोरा धरायचा न्हाई,’ म्हणाले, आणि बूट परत बॉक्समध्ये ठेवून दिला.